लिंगाधारित हिंसा आणि मदत मागण्याची वाट: समुदाय मानसशास्त्राच्या अभ्यासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंसेवरच्या संशोधनासाठी मुलाखती घेणाऱ्यांना मी शिकवते. वर्गात हात वर करून विचारलेले, आणि वर्ग सुटल्यावर जिन्यात गाठून हळू आवाजात विचारलेले, असे दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे आहेत. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न बहुधा जास्त महत्त्वाचे असतात.

समुदाय मानसशास्त्र म्हणजे नेमकं काय?

मानसोपचारतज्ज्ञाकडे माणूस येतो, खुर्चीत बसतो आणि बोलणं त्याच्या मनाभोवती फिरतं. समुदाय मानसशास्त्राचं लक्ष त्या खोलीबाहेर असतं. हा माणूस कुणाबरोबर राहतो, कुणावर अवलंबून आहे, अडला तर कुणाचं दार ठोठावेल, आणि ते दार उघडेल का? ही शाखा या नावाने उभी राहिली ती १९६५ मध्ये, अमेरिकेत स्वॅम्पस्कॉट इथे भरलेल्या परिषदेत. आजारी पडलेल्या एकेकाला बरं करत बसायचं, की आजार जिथून येतो त्या परिस्थितीत हात घालायचा, हा तिथला वाद होता. पुढे १९७१ मध्ये याच परंपरेतल्या विल्यम रायन यांनी 'पीडितालाच दोषी ठरवणं' हा शब्दप्रयोग रूढ केला. त्यांचा रोख गरिबी आणि वंशभेदाकडे होता, पण हिंसेच्या अभ्यासाला तो शब्द असा काही बसला की जणू त्यासाठीच घडवला असावा.

या विचाराने प्रश्नच बदलतो. 'ती बोलली का नाही?' हे सगळेच विचारतात. 'ती बोलली तेव्हा समोरच्याने काय केलं?' हे फारसं कुणी विचारत नाही. या क्षेत्राने दिलेली सगळ्यांत मोलाची गोष्ट हा दुसरा प्रश्न आहे असं मला वाटतं. खालची बरीच उत्तरं फिरून फिरून तिथेच येतील.

हिंसा म्हणजे मारहाणच ना?

मारहाण हा तिचा दिसणारा भाग. लैंगिक जबरदस्ती, धमक्या, पाळत, पैसे काढून घेणं, माहेरच्यांशी आणि मैत्रिणींशी संबंध तोडायला लावणं, मुलांना हत्यार म्हणून वापरणं हे सगळं त्यातच येतं. एव्हन स्टार्क यांनी २००७ मध्ये 'दहशतीने ठेवलेलं नियंत्रण' या अर्थाची कल्पना सविस्तर मांडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सुटा फटका मोजत बसलात तर रोजचा पहारा नजरेतून सुटतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने असं नियंत्रण हा स्वतंत्र गुन्हा ठरला.

मदत मागण्याशी याचा थेट संबंध आहे. ज्या बाईला दाखवायला वळच नाही ती कुणाला काय सांगणार? 'तो मला मारत नाही, फक्त...' या वाक्यातल्या 'फक्त'नंतर जे येतं, ते ऐकायला मुलाखत घेणाऱ्याने शिकावं लागतं.

'पीडिता' म्हणायचं की 'सर्व्हायव्हर'?

जिच्याबद्दल बोलताय ती स्वतःला काय म्हणवते ते बघा. कायद्याच्या कागदावर 'पीडिता' लागतं, चळवळीत 'सर्व्हायव्हर', म्हणजे हिंसेतून तगून निघालेली, चालतं, आणि कित्येकींना दोन्ही शब्द नको असतात. त्यांना त्यांचं नाव पुरतं.

किती जणी मदत मागतात?

आधी हिंसेचा आवाका बघू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात १५ वर्षांवरच्या सुमारे तीनपैकी एका स्त्रीने आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा किंवा जोडीदार नसलेल्या कुणाकडून लैंगिक हिंसा भोगलेली आहे. म्हणजे सुमारे ७३ कोटी ६० लाख स्त्रिया. संयुक्त राष्ट्रांनी संकलित केलेल्या आकडेवारीत हिंसा सोसलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून कमी जणी कुठलीही मदत मागतात. मदत मागणाऱ्यांतल्याही १० टक्क्यांहून कमी जणी पोलिसांपर्यंत पोचतात. उरलेल्या जातात बहिणीकडे, मैत्रिणीकडे, शेजारणीकडे.

जागतिक आरोग्य संघटनेचाच आणखी एक अभ्यास २००५ मध्ये आला होता. दहा देश, २४ हजारांहून अधिक स्त्रिया. जोडीदाराची मारहाण सोसलेल्यांपैकी ५५ ते ९५ टक्के जणी, देशागणिक आणि प्रांतागणिक, कधीच कुठल्या संस्थेच्या वा अधिकाऱ्याच्या दारात गेलेल्या नव्हत्या. बांगलादेशात तर दोन तृतीयांश जणींनी त्या मुलाखतीआधी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. प्रश्नावली घेऊन आलेली अनोळखी बाई ही त्यांची पहिली श्रोती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

मग त्या सांगत का नाहीत?

याचं एकच उत्तर शोधायला गेलं की चुकायला होतं. बेल लियांग, लिसा गुडमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेली चौकट मला शिकवायला सोयीची वाटते. त्यांनी मदत मागण्याचे तीन टप्पे केले. आधी, जे घडतंय ते 'अडचण' आहे हे स्वतःशी मान्य करणं. मग मदत घ्यायची असं ठरवणं. मग कुणाकडे जायचं ते निवडणं. हे टप्पे पायऱ्यांसारखे एकामागून एक येत नाहीत. बाई तिसऱ्यावरून पहिल्यावर परत येते, आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी बोलण्यामुळे येते.

पहिला टप्पा वाटतो त्याहून अवघड आहे. दहा देशांच्या त्याच अभ्यासात मदत न मागण्याचं एक मोठं कारण 'हे तर असतंच' किंवा 'एवढं काही गंभीर नव्हतं' असं निघालं. पेरूच्या एका प्रांतात २९ टक्के जणींनी ते सांगितलं, सामोआत ८६ टक्क्यांनी. परिणामांची भीती, मुलं हिरावली जाण्याची धास्ती आणि घराची अब्रू ही बाकीची कारणं. आणि ज्या अखेर गेल्या त्या कशामुळे गेल्या? आता सहनच होईना, जखम मोठी झाली, किंवा तो मुलांवर हात टाकायला लागला.

दुसऱ्या टप्प्यावर हिशेब चालतो. लोक याला भित्रेपणा म्हणतात, मी हिशेबच म्हणेन. सांगितलं तर घर जाईल का, पैसे कोण देईल, मुलं कुठे राहतील, नोकरीवर कळलं तर काय, त्याला कळलं तर आज रात्री काय. दुसऱ्या देशात जोडीदाराच्या व्हिसावर राहणारी, अपंगत्वामुळे त्याच्याच हातून औषध घेणारी, किंवा जिच्या समाजाला पोलिसांचा जुना वाईट अनुभव आहे अशी बाई, यांच्या हिशेबात आणखी रकाने असतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिने कुठल्या पुस्तकात वाचलेलं नसतं. उघडलेल्या मुठींचं काय झालं ते तिने आजूबाजूला पाहिलेलं असतं.

तिसऱ्या टप्प्यावर प्रश्न येतो विश्वासाचा. तिथून पुढचं उत्तर जरा लांबेल.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या वागण्याने खरंच इतका फरक पडतो?

पडतो. या विषयात ज्या थोड्या गोष्टी ठामपणे सांगता येतात त्यातली ही एक.

कोर्टनी अहरेन्स यांनी २००६ मध्ये बलात्कारातून वाचलेल्या आठ स्त्रियांच्या कहाण्या अभ्यासल्या. या आठही जणी सुरुवातीला बोलल्या होत्या आणि नंतर बराच काळ गप्प झाल्या होत्या. त्यांना गप्प करण्याचे तीन रस्ते दिसले. पोलीस, डॉक्टर अशा व्यावसायिकांकडून वाईट वागणूक मिळाली की 'बोलून उपयोग काय' असं वाटायला लागलं. घरच्यांकडून आणि मैत्रिणींकडून मिळाली की स्वतःला दोष देणं पक्कं झालं. आणि दोघांपैकी कुणाकडूनही मिळाली तरी 'माझ्या बाबतीत घडलं त्याला बलात्कार म्हणावं का' ही शंका वाढली. आठ हा आकडा लहान आहे, म्हणून कुणी नाक मुरडतं. पण टक्केवारी काढायची असती तर आठ कमी पडल्या असत्या. शांतता कशी घडवली जाते ते बघायला त्या पुरल्या.

सारा उलमन यांनी तर प्रतिक्रियांची मोजपट्टीच केली. ४८ विधानांची ती प्रश्नावली २००० मध्ये प्रसिद्ध झाली. भावनिक आधार आणि प्रत्यक्ष उपयोगाची मदत या चांगल्या बाजूला. वाईट बाजूची यादी मात्र शिकवताना वर्गात चुळबुळ होते अशी आहे. दोष देणं तर त्यात आहेच. शिवाय वेगळं वागवायला लागणं आहे. 'झालं गेलं विसर, कामात मन रमव' असं विषय बदलणं आहे. तिच्या वतीने परस्पर निर्णय घेणं आहे. आणि ऐकणाऱ्याचं स्वतःतच अडकणं आहे. भाऊ इतका भडकतो, आई इतकी रडते, की जिच्यावर बेतलं तिलाच या दोघांची समजूत काढावी लागते. मग ती पुढच्या वेळी म्हणते, 'नको, आईला झेपणार नाही.'

वर्गात मी एक सराव घेते. दोघी समोरासमोर बसतात. एकीने एक साधीशी खरी अडचण सांगायची, हिंसेची नव्हे, आणि दुसरीने दोन मिनिटं सल्ला द्यायचा नाही. बहुतेक जणी चाळिसाव्या सेकंदाला 'अगं पण तू असं का नाही करत' वर येतात. या सगळ्या भल्या, शिकलेल्या, कळकळीच्या मुली असतात. मी स्वतः पहिल्यांदा हा सराव केला तेव्हा तीस सेकंदही टिकले नव्हते.

ती सोडून का जात नाही?

हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो, आणि प्रत्येक वेळी मी आधी विचारते, 'तो मारायचं का थांबवत नाही?' हा प्रश्न आधी का सुचत नाही बरं?

पण उत्तर टाळत नाही. १९७९ मध्ये लेनोर वॉकर यांनी 'शिकलेली असहायता' ही कल्पना मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांना लावली: वारंवार प्रयत्न फसले की माणूस प्रयत्नच सोडतो. ती लोकप्रिय झाली आणि न्यायालयातही पोचली. मग १९८८ मध्ये एडवर्ड गोंडॉल्फ आणि एलन फिशर यांनी टेक्सासमधल्या ५० निवारागृहांत आलेल्या सहा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासली, आणि चित्र उलटं निघालं. हिंसा वाढते तशा बायका जास्त ठिकाणी, जास्त प्रकारे मदत मागतात. कमी पडते ती मदत देणारी यंत्रणा. निवारागृहापर्यंत पोचलेल्या बायकांचाच हा गट होता, ही मर्यादा लक्षात ठेवूनही मला गोंडॉल्फ-फिशर यांचं म्हणणं वास्तवाच्या जास्त जवळचं वाटतं.

दुसरी गोष्ट, सोडून जाणं धोक्याचं असतं. अमेरिकेतल्या ११ शहरांत जोडीदाराने केलेल्या स्त्रीहत्यांचा अभ्यास जॅकलिन कॅम्पबेल यांच्या गटाने २००३ मध्ये प्रसिद्ध केला. एकत्र राहून वेगळं होणं, त्यात जोडीदार टोकाचा नियंत्रण ठेवणारा असणं आणि घरात बंदूक असणं यांनी धोका फार वाढतो असं त्यात दिसलं. गळा आवळण्याचा प्रकार आधी घडलेला असेल तर पुढे जीव जाण्याची शक्यता सातपटींहून अधिक, हे त्याच माहितीवरून २००८ मध्ये मांडलं गेलं. म्हणून 'त्याने कधी गळा दाबला होता का' हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारायचा असतो. खूणही न राहता हे घडू शकतं, आणि बायका ते मारहाणीत धरतही नाहीत.

याच कॅम्पबेल यांच्या धोका-मापनात एक साधी युक्ती आहे. प्रश्न विचारण्याआधी बाईच्या हातात गेल्या वर्षाचं कॅलेंडर द्यायचं. कधी कधी काय झालं त्या तारखांवर खूण करायची, आणि किती गंभीर होतं तो आकडा शेजारी लिहायचा. 'मारहाण वाढली का?' याला आधी 'नाही' म्हणालेल्या अनेकींचं उत्तर कॅलेंडर भरल्यावर 'हो' होतं. आठवण वाढदिवस आणि शाळेच्या सुट्ट्यांना लटकलेली असते. पानं उलटताना ती एकदम समोर येते, आणि कुणी काही समजावून सांगावं लागत नाही.

पोलीस, रुग्णालय, न्यायालय यांच्याकडून होणाऱ्या दुसऱ्या आघाताबद्दल ऐकलंय. तो काय प्रकार?

जिथे मदत मिळायला हवी तिथेच पुन्हा अपमान होणं. 'काय घातलं होतंस', 'ओरडलीस का नाही', 'एवढे दिवस काय करत होतीस' असे प्रश्न, तासन्‌तास ताटकळत ठेवणं, तपासणी करताना काय करतोय ते न सांगणं. मिशिगन राज्य विद्यापीठातल्या रेबेका कॅम्पबेल यांनी यावर दीर्घ काम केलं आहे. (वरच्या जॅकलिन कॅम्पबेल वेगळ्या, विद्यार्थी नेहमी गोंधळतात.) २००६ च्या त्यांच्या अभ्यासात दोन रुग्णालयं होती. एकात बलात्कारानंतर आलेल्या बाईजवळ तिची बाजू सांभाळणारी प्रशिक्षित सहायिका असायची, दुसऱ्यात नसायची. एकूण ८१ जणींच्या मुलाखती झाल्या. जिथे सहायिका होती तिथे पोलिसांनी तक्रार लिहून घेण्याचं प्रमाण जास्त, मिळालेल्या वैद्यकीय सेवा जास्त, आणि यंत्रणेशी झालेल्या संपर्कातून आलेला त्रास कमी. एक माणूस शेजारी उभं राहिल्याने खोलीतल्या बाकीच्यांची वागणूक सुधारते, असा याचा मी साधा अर्थ लावते.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराची गोष्ट तर यंत्रणेचा आरसाच आहे. २००९ मध्ये तिथल्या पोलिसांच्या गोदामात बलात्काराच्या पुराव्याचे सुमारे ११ हजार संच सापडले, प्रयोगशाळेत कधीच न गेलेले. प्रत्येक संच म्हणजे एका बाईने घटनेनंतर काही तासांत दिलेली, अंगाला हात लावू द्यायला नको वाटत असताना सोसलेली तपासणी. रेबेका कॅम्पबेल यांचा गट पोलीस, सरकारी वकील, प्रयोगशाळा आणि सहायिकांबरोबर एकाच टेबलाशी बसून हे कसं घडलं ते शोधत राहिला. पैसा आणि माणसं कमी होती, हे खरंच होतं. पण जुन्या नोंदींत बायकांवर अविश्वास दाखवणारी भाषाही होती. पुढे तपासण्यांतून शेकडो सराईत संशयित समोर आले.

मग एक प्रश्न उभा राहिला ज्याची तयारी कुणाचीच नव्हती. इतक्या वर्षांनी त्या बायकांना सांगायचं कसं? कदाचित नवीन नवऱ्याला काही माहीत नसेल, दार मुलं उघडतील. कोण जाणार, दारात पहिलं वाक्य काय, निरोप ठेवायचा का, ती 'नको' म्हणाली तर काय, या सगळ्याचा क्रम त्यांनी बसून ठरवला. संशोधनाचा असा उपयोग मला कुठल्याही शोधनिबंधापेक्षा मोठा वाटतो.

संस्थेनेच घात केल्याने त्रास आणखी वाढतो, हे कार्ली स्मिथ आणि जेनिफर फ्रेड यांनी २०१३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या अभ्यासात दाखवलं.

मदत मिळाली की हिंसा थांबते का?

कुठली मदत, यावर अवलंबून आहे.

क्रिस सलिव्हन आणि डेबोरा बायबी यांचा १९९९ चा प्रयोग वाचण्यासारखा आहे. निवारागृहातून बाहेर पडलेल्या २७८ स्त्रियांपैकी काहींना दहा आठवडे एक प्रशिक्षित विद्यार्थिनी सहायिका मिळाली, आठवड्याला काही तास. ती सहायिका उपदेश करत नव्हती. घर शोधायचं असेल तर घर शोधायला बरोबर जायची, नोकरी तर नोकरी, मुलांची शाळा तर शाळा, वकील तर वकील. काय हवं ते ती बाई ठरवायची. दोन वर्षांनी पाहिलं तर सहायिका मिळालेल्यांमध्ये या काळात अजिबात हिंसा न झालेल्यांचं प्रमाण न मिळालेल्यांच्या दुपटीहून अधिक होतं. तरीही दोन्ही गटांत बहुसंख्य जणींना पुन्हा हिंसा सोसावी लागली. निकाल सांगताना हे दुसरं वाक्य गाळणाऱ्यांचा मला राग येतो.

अटकेचं काय? अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात १९८१-८२ मध्ये पोलिसांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखं अटक, समज देणं वा तात्पुरतं वेगळं करणं असं करून पाहिलं. अटकेनंतर हिंसा कमी दिसली आणि अनेक ठिकाणी सक्तीच्या अटकेची धोरणं आली. मग इतर शहरांत तोच प्रयोग पुन्हा केला तर निकाल एकसारखे आले नाहीत. मिलवॉकीत नोकरी असलेले पुरुष अटकेने वचकले आणि बेरोजगार उलट चवताळले. एका शहराच्या निकालावर देशभराचं धोरण बेतण्याची घाई नको, एवढं तरी यातून घ्यावं.

संपूर्ण वस्तीच बदलता येते का?

थोडीफार, वेळ दिला तर. युगांडातल्या कंपालामध्ये आठ वस्त्यांत 'सासा!' नावाचा उपक्रम तपासला गेला. निकाल २०१४ मध्ये आला. वस्तीतलेच प्रशिक्षित लोक सत्ता आणि हिंसा यांवर शेजाऱ्यांशी, पोलिसांशी, आरोग्य कर्मचाऱ्यांशी वर्षानुवर्षं बोलत राहिले. हिंसा चालवून घेण्याची वृत्ती घटली, आणि हिंसा सोसणाऱ्या बायकांना आसपासच्यांकडून चांगला प्रतिसाद मिळण्याचं प्रमाण वाढलं. गेल्या वर्षातली जोडीदाराची शारीरिक हिंसा ५२ टक्क्यांनी कमी दिसली. पण वस्त्या आठच असल्याने या आकड्याभोवतीची अनिश्चितता मोठी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपोमध्ये बायकांना छोटं कर्ज आणि त्याबरोबर लिंगभाव व आरोग्यावरचं प्रशिक्षण दिलं, तिथे २००६ च्या निकालात गेल्या वर्षातली जोडीदाराची हिंसा ५५ टक्क्यांनी कमी नोंदली गेली. दोन्हीकडे बायकांना नुसतं 'बोला, बोला' सांगितलं नव्हतं. ऐकणारे तयार केले होते, किंवा हातात पैसा आणि बरोबरीच्या बायका दिल्या होत्या.

पुरुषांवर हिंसा होत नाही का?

होते. मुलग्यांवर, समलैंगिक आणि ट्रान्स व्यक्तींवरही होते, आणि 'पुरुष असून?' या दोन शब्दांत पुरुषांचं तोंड बंद होतं. उलमन यांची प्रतिक्रियांची मोजपट्टी या सगळ्यांनाही लागू पडते.

एका सर्वेक्षणातले आकडे दुसऱ्याशी जुळत का नाहीत?

प्रश्न कसा विचारला यावर बरंच ठरतं. 'तुमच्यावर कधी अत्याचार झाला का?' असं विचारलं की 'नाही' येतं. 'ढकललं का? थोबाडीत मारली का? नको असताना संबंध ठेवायला भाग पाडलं का?' असं एकेक कृती घेऊन विचारलं की 'हो' यायला लागतात. कृती मोजण्याची ही रीत मरे स्ट्रॉस यांच्या १९७९ च्या मोजपट्टीने रुळवली. तिच्यावर टीकाही रास्त आहे. कोण घाबरून आहे आणि कुणी स्वतःला वाचवायला ढकललं, हे नुसत्या मोजणीत दिसत नाही. मुलाखत कुणी घेतली, खोलीत कोण होतं, यानेही आकडा हलतो.

अशा मुलाखतीमुळे बाईलाच धोका होणार नाही का?

होऊ शकतो, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये यासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. एका घरात एकाच बाईची मुलाखत. घराला आणि वस्तीला अभ्यासाचा विषय 'आरोग्य' असाच सांगायचा, खरा विषय फक्त तिला एकटीला. दोन वर्षांवरचं मूलही जवळ नको. कारण मूल संध्याकाळी बोलून जातं.

आणि दुसरी प्रश्नावली. ही गोष्ट करून दाखवल्याशिवाय कळत नाही. मुलाखत घेणारीच्या पॅडवर खरी प्रश्नावली वर आणि लसीकरण, पाळीचं आरोग्य असल्या विषयांची दुसरी खाली. आधीच ठरलेलं असतं की कुणी आत आलं तर विषय बदलायचा. सरावात मी मध्येच दार उघडून आत शिरते. नवखी मुलगी दचकते, पान चाचपडते, गप्प होते. त्या शांततेनेच सगळं सांगून टाकलेलं असतं. मुरलेली मुलगी डोळे न उचलता पान उलटते आणि त्याच आवाजात विचारते, 'बरं, आणि धाकट्याचा शेवटचा डोस कधी झाला?' हे जमेपर्यंत आम्ही कुणाला बाहेर पाठवत नाही.

जुन्या जखमा उकरून काढल्यासारखं नाही का होत?

अवघड वाटतं, रडू येतं, हे खरं. पण नीट प्रशिक्षित, घाई न करणारी मुलाखतकार असेल तर बहुतेक जणी बोलून बरं वाटल्याचं सांगतात. रेबेका कॅम्पबेल यांच्या गटाने बलात्कारातून वाचलेल्यांना मुलाखतीच्या शेवटी 'आज माझ्याशी बोलणं कसं वाटलं?' असं थेट विचारून हे तपासलं आहे. 'त्यांना त्रास होईल' म्हणून न विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना स्वतःला ऐकायचं नसतं, असा माझा संशय आहे.

ऐकणाऱ्यांवर मात्र परिणाम होतो. झोप उडते, दार दोनदा तपासावंसं वाटतं. त्यामुळे दिवसाला किती मुलाखती घ्यायच्या याला मर्यादा हवी, आणि संध्याकाळी एकत्र बसून बोलणं कामाच्या वेळेत हवं. हे सोयीचं नाही म्हणून गाळणाऱ्या एका प्रकल्पात मी काम केलंय. तिसऱ्या आठवड्यात दोघी सोडून गेल्या.

मला कुणी सांगितलं तर मी काय करू?

हाच तो जिन्यातला प्रश्न. आवाज हळू असतो, कारण बहुधा कुणीतरी आधीच सांगितलेलं असतं.

आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचं जे जागतिक मार्गदर्शन आहे त्यातलं आपल्यालाही वापरता येतं. ऐका. काय हवंय ते विचारा. विश्वास ठेवा आणि तसं बोलून दाखवा. आत्ता ती सुरक्षित आहे का ते बघा. पुढची मदत कुठे मिळेल ते सांगा. यातलं बोलून दाखवणं लोक विसरतात. 'मला खरं वाटतंय. यात तुझी चूक नाही.' एवढं वाक्य मनात ठेवून भागत नाही.

करू नये असं: त्याच्याशी परस्पर बोलायला जाणं, 'आत्ताच्या आत्ता घर सोड' म्हणणं, घरच्यांना कळवणं, तिच्या फोनवर हेल्पलाइनचा नंबर पाठवणं. तो फोन कोण बघतं हे तुम्हाला माहीत नसतं. ती घर सोडायचं ठरवत असेल तर ते अनुभवी समुपदेशिकेबरोबर बसून, कागदपत्रं आणि वेळ यांचा विचार करून ठरू दे. जिवावर बेतेल असं वाटलं तर मात्र तातडीच्या सेवेला फोन करायला थांबू नका.

तिने परत जायचं ठरवलं तर? तरीही तुमचं दार उघडं आहे हे तिला कळू दे. चिडून 'मग मला पुन्हा सांगू नकोस' म्हणालात तर पुढच्या वेळी ती एक दार कमी मोजेल.

मला अशा अभ्यासात सहभागी व्हायला विचारलंय. होकार देण्याआधी काय विचारू?

माहिती कुठे ठेवणार, नाव जोडणार का, मला त्रास झाला तर कुणाकडे पाठवणार, आणि कुठली गोष्ट सांगितली तर ती गुप्त ठेवता येणार नाही. लहान मुलाच्या जिवाला धोका असेल तर बऱ्याच ठिकाणी कळवणं कायद्याने बंधनकारक असतं, ते आधीच सांगायला हवं. मध्येच थांबता येईल का, हेही विचारा. त्या वेळी समोरची व्यक्ती घड्याळाकडे बघायला लागली, तर उठून निघालात तरी चालेल.